सुई, खंजिरी आणि पाचवा महिना

प्रश्न: ताई, मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. पहिलंच लेकरू आहे, पाचवा महिना चालू आहे आणि तारीख पोळ्याच्या आसपासची दिली आहे. हातानं काही ना काही करत राहायची मला लहानपणापासून सवय. गोधड्या शिवते, तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या सणासाठी, लाकडी नंदी रंगवते (त्यातून चार पैसेही सुटतात), बायकांच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवते, घरामागच्या वाडीत भाज्या लावते. पहिले तीन महिने ओकाऱ्यांतच गेले, कशालाच हात लावला नाही. आता पुन्हा सगळं करावंसं वाटते. पण घरी म्हणतात, सुई-कात्री बाजूला ठेव, भजनाला जाऊ नको, बाळंत होईस्तोवर आराम कर. यातलं काय चालू ठेवू आणि काय सोडू? आणि अशा वेळी स्वतःच्या आवडीचा इतका विचार करणं चुकीचं तर नाही ना?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चुकीचं मुळीच नाही. वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या उपकेंद्रांवर आरोग्य सेविका म्हणून काम करताना मी हे सतत पाहत आले आहे: जी बाई गरोदरपणात रोज काहीतरी आवडीचं करत असते, तिला आपल्या अंगात झालेला बदल लवकर समजतो. माझ्याकडे ती महिन्यातून एकदा येते. मी वजन घेते, बीपी बघते, बोटातून रक्त काढून हिमोग्लोबिन बघते. मधल्या दिवसांत तिच्याजवळ कोणतंच यंत्र नसते. तेव्हा रोजचं शिवण, रोजचं गाणं आणि ते करायचा हुरूप यांवरूनच कळते की सगळं सुरळीत आहे की काही बिनसलं आहे. तिला सगळं बंद करून बाजेवर निजवलं तर ते कळायची सोयच राहत नाही.

एक उदाहरण सांगते. आठव्या महिन्यातली एक सून उपकेंद्रावर आली. तपासणीची तारीख नव्हती, ती चष्म्याचं विचारायला आली होती. रोज दुपारी कशिदा करायची. म्हणाली, "सिस्टर, नंबर वाढला वाटते. दोरा ओवल्याच जात नाही. नेढ्यापाशी नजर नेली की काजवे चमकल्यासारखे दिसते." डोकं दुखते का विचारलं, तर म्हणे उन्हानं दुखत असेल. बोटातली अंगठी रुतून बसली होती. बीपी घेतलं तर १६०/११०, आणि लघवीत प्रोटीन. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं आणि गाडी तशीच सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे काढली. बाळंतपण झालं, दोघंही सुखरूप घरी आले. गरोदरपणात बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहरा आणि हात सुजणं, पोटात वरच्या बाजूला बरगडीखाली दुखणं ही त्याच्या पुढची लक्षणं, आणि त्यानंतर झटके येऊ शकतात. ती बाई सुई हातात धरत नसती, तर नजर धूसर झाल्याचं तिच्या ध्यानात उशिरा आलं असतं.

म्हणून सुई सोडू नको. शिवायची पद्धत मात्र बदल.

गोधडी शिवल्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही, त्रास होतो तो तुझ्या बसण्याच्या पद्धतीनं. जमिनीवर गोधडी पसरून तिच्यावर ओणवं होऊन तासन्‌तास धावदोरा घालत राहिलीस तर कंबर आणि मांड्या भरून येतात, आणि उठताना तोल जातो. गोधडी दिवाणावर किंवा बाजेवर पसर आणि पाठीला टेका असेल अशी बस. अर्धा तास झाला की उठायचं, अंगणात एक चक्कर मारायची, पाणी प्यायचं. पायाच्या मशीनवरही हेच. पाय खाली सोडून फार वेळ बसलं की घोट्याशी सूज येते आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. सातव्या महिन्यानंतर पोट पुढे आलं की सुईपाशी हात पोचवायला वाकावं लागते. मग मशीनचं काम आवरतं घे आणि मांडीवर मावेल असं हातशिवण कर. आणि सगळ्यात जड काम कोणतं, तर भिजलेली गोधडी पिळून दोरीवर टाकणं. ते नवऱ्याला सांग. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण घरात शिवू देत नाहीत पण धुवायला लावतात, असं मी खूप ठिकाणी पाहिलं आहे.

सहाव्या-सातव्या महिन्यापासून पहाटे हाताला मुंग्या येऊ शकतात. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि तिसऱ्याचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी मात्र ठीक असते. अंगात पाणी साठून मनगटातली नस दाबली जाते म्हणून हे होते आणि बहुतेक वेळा बाळंतपणानंतर जाते. रात्री मनगट सरळ राहील अशी पट्टी बांध, शिवताना मनगट वाकवून जोर लावू नको. पण मुंग्यांबरोबर चेहऱ्यावर सूज दिसली, तर त्याच दिवशी बीपी तपासून घे.

सुई-दोऱ्यानं बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते, असं तुझ्या घरीही म्हणत असतील. नाळ गुंडाळणं इतकं सर्रास आहे की जन्मणाऱ्या चार-पाच बाळांतल्या एकाच्या तरी गळ्याला वेढा असतो, आणि त्यातली बहुतेक धडधाकट जन्मतात. बाळ पाण्यात फिरते, उलटंपालटं होते, त्यात नाळ गुंडाळली जाते. आईनं काय शिवलं, हात वर केला की खाली, याचा त्याच्याशी संबंध नाही.

बाळासाठी गोधडी करतेच आहेस तर सुती जुन्या लुगड्याची कर. नायलॉनची साडी नको, आणि आतल्या थराला खताचं किंवा बियाण्याचं पोतं तर अजिबात घालू नको. मणी, टिकल्या, बटणं लावू नको, ती तुटून तोंडात जातात. पातळ असू दे. तुझं लेकरू पावसाळ्यातल्या उकाड्यात येणार, त्याला जाड गोधडीची गरज नाही, आणि झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण येता कामा नये. शिवण संपल्यावर सुया मोजून डबीत टाकायची सवय आतापासून लाव.

आता नंदी. तुझ्या चार छंदांपैकी मला खरी काळजी वाटते ती याची, त्यामुळे इथे जरा जास्त लिहिते.

नंदीला चकाकी यावी म्हणून बहुतेक जण ऑईलपेंट वापरतात आणि तो पातळ करायला थिनर किंवा टर्पेंटाईन. बंद खोलीत हा वास तासन्‌तास नाकात जाणं गरोदर बाईला चांगलं नाही. तो वास म्हणजे हवेत उडालेलं रसायनच असते, ते फुप्फुसातून रक्तात जाते आणि वारेतून बाळापर्यंत पोचते. दुसरी गोष्ट शिसं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं, हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत ते कितीतरी जास्त असायचं, विशेषतः पिवळ्या, लाल आणि केशरी रंगांत. म्हणजे नवा नंदी नव्या डब्यातल्या रंगानं रंगवणं एक, आणि कोणीतरी आजोबांच्या वेळचा नंदी आणून "ताई, याला घासून नवा करून दे" म्हणणं वेगळं. जुना रंग पॉलिश पेपरनं घासला की त्याची बारीक भुकटी उडते. ती हातावर, पदरावर, चहाच्या कपावर बसते आणि पोटात जाते. शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहते आणि गरोदरपणात शरीराला कॅल्शियम कमी पडलं की हाडांतून कॅल्शियमबरोबर तेही रक्तात उतरते. बाळाच्या मेंदूसाठी ते विष आहे. तेव्हा यंदा जुना नंदी घासायचं काम घेऊच नको, कितीही पैसे देत असले तरी.

नवे नंदी जरूर रंगव, पण पाण्यात मिसळणारे रंग घे. अ‍ॅक्रेलिक किंवा पोस्टर कलर राळेगावला, नाहीतर यवतमाळला स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. सपरीत किंवा निंबाखाली बस, वारा खेळता असू दे. ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायची सवय बऱ्याच जणींना असते, ती मोड. रंगवताना खाणं-पिणं नको, आणि काम झाल्यावर साबणानं नखांपर्यंत हात धुवायचे. चकाकीसाठी वरून वॉर्निश मारायचं असेल तर ते काम नवऱ्यानं किंवा दिरानं अंगणात करावं आणि वास उडेपर्यंत नंदी घरात आणू नये. पोळ्याला खऱ्या बैलांच्या शिंगांना लावायचा हिंगूळही तू खलू नको. अस्सल हिंगूळ हे पाऱ्याचं खनिज आहे.

आणखी एक गोष्ट, तू विचारली नाहीस तरी सांगते. नंदीला किंवा रांगोळीला रंग देताना एखादीला खडू, शिरगोळा, भाजलेली माती खावीशी वाटते. घरचे डोहाळे म्हणून कौतुक करतात. मला मात्र ते ऐकलं की आधी हिमोग्लोबिन बघावंसं वाटते. अशी इच्छा पुष्कळदा अंगात लोह कमी झाल्यानं होते. तुला तसं होत असेल तर लाजू नको, आशाताईला सांग.

ऑर्डरी घेताना हिशेब असा ठेव: जेवढे नंदी आठवा महिना लागायच्या आत होतील तेवढेच कबूल कर. पोळ्याची तारीख आणि तुझी तारीख एकाच सुमाराची आहे. शेवटच्या पंधरवड्यात गिऱ्हाईक दारात उभं आणि तू रात्री जागून डोळे रंगवते आहेस, असं व्हायला नको.

खंजिरीला माझा पूर्ण होकार आहे. आपल्याकडे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांमुळे गावोगाव बायका खंजिरीवर भजन म्हणतात. त्यातून बायकांना घराबाहेर बसायला, मोकळं व्हायला जी जागा मिळते ती मला औषधापेक्षा कमी मोलाची वाटत नाही. गाताना श्वास खोल जातो, जीव शांत होतो. बाळालाही आवाज ऐकू येतो. सहाव्या-सातव्या महिन्यापासून ते आवाजाला हालचालीनं प्रतिसाद देते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं की जन्मून दोन-तीन दिवस झालेली बाळं परक्या बाईपेक्षा आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. म्हणजे तुझा आवाज ते ओळखीचा म्हणूनच जन्माला येणार आहे. त्यानं लेकरू हुशार होते, गायक होते असं मात्र मी म्हणणार नाही, आणि कोणी पैसे घेऊन तसं सांगत असेल तर देऊ नको. तुला आवडते म्हणून गा.

सांभाळायचं ते भजनाभोवतीचं. डीजे आणि मोठ्या स्पीकरपासून लांब बस. घुमणारा जाड आवाज पोटातून सहज आरपार जातो. मांडी घालून बसवत नसेल तर खुर्ची माग, त्यात देवाचा अवमान नाही. रात्रभराचं जागरण नको. दुसऱ्या गावच्या स्पर्धेला खडबडीत रस्त्यानं मोटारसायकलवर मागं बसून जायचं टाळ, बस किंवा गाडी असेल तर जा. आणि एक फार महत्त्वाचं: बाहेरगावी संडासाची सोय नसते म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. गरोदरपणात लघवीचा संसर्ग आधीच लवकर होतो, त्यात हे केलं की जळजळ, थंडीताप, आणि कधी कधी दिवस भरायच्या आत कळा. सोय नाही अशा ठिकाणी जाऊ नको, आणि गेलीस तर पाणी पिणं थांबवू नको. मंडळाच्या प्रमुख बाईला स्पष्ट सांग, ती सोय करेल.

भजनावरूनही आजार कळतो. एकीला भजनाची ओळ एका दमात म्हणता येईना, शेजारणीला वाटलं सूर विसरली. गरोदरपणात थोडा दम लागतोच, पण हिचं बसल्या जागी छाती धडधडणं आणि नखं पांढरीफटक. हिमोग्लोबिन ६.४ निघालं. ११ च्या खाली गेलं की रक्त कमी, आणि ७ च्या खाली म्हणजे दवाखान्यातच उपचार. तिला शिरेतून लोह द्यावं लागलं.

तिच्या पायांना भेगा होत्या आणि ती दिवसभर अनवाणी वाडीत असायची. म्हणून तुझ्या वाडीचं सांगताना पहिलं वाक्य हेच: चप्पल घाल. ओल्या मातीतून अंकुशकृमीची पिलं तळपायाच्या कातडीतून अंगात शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. तीन महिने उलटल्यावर जंताची अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी उपकेंद्रात मिळते. तुला मिळाली नसेल तर मागून घे. लाल गोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, रोज एक, बाळंतपणापर्यंत १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. ती चहाबरोबर घेऊ नको, लिंबूपाण्याबरोबर घे. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही. शौचाला काळं होते म्हणून घाबरून बंद करू नको. आंबाडी, चिवळ, मेथी वाडीत असेलच, ती खा, पण भाजी गोळीची जागा भरून काढत नाही.

वाडीत खुरपायचं, बी टोकायचं, वेल चढवायचे, हे सगळं कर. मातीत हात घालताना हातमोजे घाल, कारण मांजराच्या विष्ठेतून पसरणारा एक जंतू बाळाला बाधतो. हातमोजे नसले तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवी हातावर चढवली तरी चालते. पाण्याच्या भरलेल्या बादल्या वाहू नको, छोटा लोटा किंवा पाइप घे.

फवारणीबाबत मात्र कोणतीच सूट नाही. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुझ्याही ध्यानात असेल. फवारणी चालू असलेल्या वावरात जायचं नाही, धुऱ्यावर शिदोरी घेऊनसुद्धा नाही. पेरणीच्या वेळी औषध लावलेलं बियाणं हातानं टोकायचं नाही. नवऱ्यानं फवारून आल्यावर आधी आंघोळ करावी, फवारणीचे कपडे स्वतः वेगळे धुवावेत आणि ते बाळाच्या दुपट्यांच्या दोरीवर वाळत घालू नयेत. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी रंगाच्या पाण्याला वापरायची नाही.

उन्हाळा तुझ्या सहाव्या-सातव्या महिन्यात पूर्ण भरात असेल. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी पत्र्याखाली बसून मशीन चालवणं म्हणजे अंगातलं पाणी आटवणं, आणि पाणी आटलं की पोट कडक होऊन कळा सुरू झाल्यासारखं वाटते. कामाची वेळ पहाटे ते सकाळी नऊपर्यंत आणि मग उन्हं कलल्यावर. कुरडया-शेवयांची लगबगही त्याच दिवसांत असते. घाटा हाटायचं जोराचं काम दुसरीला दे, पाटावर बसून शेवया सोडायला तू बस. ताक, पन्हं, साधं पाणी, जे जाईल ते पी. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे असं समज. कुलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कुलरला ओला हात लागून आपल्याकडे दर उन्हाळ्यात जीव जातात. सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर तुझी आणि नवऱ्याची दोघांची करून घे. हा आजार आपल्या भागात बराच आहे, आणि तो असलेल्या बाईला ऊन, तहान आणि थकवा यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून तिला वरचं सगळंच जास्त जपून करावं लागते.

आता घरच्यांचं. सासूबाई अडवतात त्या तुझ्या वाईटावर म्हणून नाही. त्यांच्या वेळी गरोदर बाईला वावरात कापूस वेचायला पाठवत, आराम मिळत नसे. आज त्या तुला आराम देऊ बघतात, तेवढंच त्यांना प्रेम दाखवता येते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या तपासणीला त्यांना सोबत आण. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, त्या दिवशी तुझ्या सासूबाईंसमोर डॉक्टरलाच विचार की शिवू का, गाऊ का. माझा अनुभव असा आहे की सुनेनं सांगितलेलं जे पटत नाही, ते डॉक्टरनं सांगितलं की सासू स्वतः गावभर सांगते.

ग्रहणात कापलं-शिवलं तर बाळाचा ओठ फाटतो, ही भीती सगळ्यात खोल आहे. बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच जुळून येतो, टाळूही तिसरा महिना सरेस्तोवर जुळते. तुझा पाचवा महिना आहे. ते काम कधीच होऊन गेलं आहे, आता कात्रीनं ते उसवत नाही. ओठ दुभंगण्यामागं आनुवंशिकता, फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, तंबाखूचा धूर, काही औषधं अशी कारणं असतात. तरी ग्रहणाच्या दिवशी सासूबाईंच्या समाधानासाठी दोन-तीन तास सुई खाली ठेवावी लागली तर ठेव, त्यानं काही बिघडत नाही. उपाशी-तहानेलं राहणं, लघवी रोखून काळोख्या खोलीत बसणं, गोळी चुकवणं, हे मात्र करायचं नाही. इथे ठाम राहा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहिते आहे ती. पहिल्या तीन महिन्यांत तुला कशातच जीव वाटत नव्हता, ते ओकाऱ्यांमुळे, आणि आता इच्छा परत आली हे उत्तम लक्षण आहे. पुढे कधी असं झालं की वेळ आहे, अंगात ताकद आहे, रंग समोर आहेत आणि तरी हात लावावासा वाटत नाही, भजनाचा आवाज कानावर आला तरी उठावंसं वाटत नाही, झोप उडाली आहे, उगीच रडू येते, आणि हे दोन आठवडे टिकलं, तर त्याला आळस म्हणू नको आणि कोणाला म्हणूही देऊ नको. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर उदासीचा आजार येतो, तो बरा होतो, त्यावर उपचार आहेत. मला, तुझ्या आशाताईला किंवा डॉक्टरला सांग. गावात बोलायची चोरी वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन कर, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलतात. जीव नकोसा वाटला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन. बाळंतपणानंतरचे पहिले आठ-दहा दिवस रडवेलं वाटणं बऱ्याच जणींना होते आणि आपोआप ओसरते. त्याच्या पुढे लांबलं तर मात्र सांगायचं.

सव्वा महिन्यात शिवण-रंग होणार नाही, झोपच पुरणार नाही. अंगावर पाजणं, झोपणं, खाणं यातच दिवस जातो, आणि सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. पण पाजताना गुणगुणता येते. भजनी मंडळातल्या बायकांना घरी बोलवता येते. दोन महिन्यांनी सुई हातात आली तरी गोधडी कुठे पळून जात नाही.

तोवर शिवत, रंगवत, गात असताना बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेव. आता बारीक फडफड जाणवत असेल, सातव्या महिन्यापासून त्याची रोजची लय तुझ्या ओळखीची होईल. कामाच्या नादात दिवसभर हालचाल जाणवली नाही असं वाटलं तर काम बाजूला ठेवून डाव्या कुशीवर पड आणि मोज. दोन तासांत दहादा हललं नाही, किंवा नेहमीपेक्षा मंद वाटलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, झटका, ताप, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काहीही झालं तर १०२ किंवा १०८ ला फोन.

सातव्या महिन्यात माहेरी जाशील तेव्हा मशीन नेऊ नको, हातशिवण आणि खंजिरी ने. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, आणि उरलेल्या गोळ्या पिशवीत आधी टाक. तिथल्या आरोग्य सेविकेला पहिल्याच आठवड्यात भेट, बाळंतपण कुठे करायचं ते ठरव, आणि मी शिवते, रंगवते, भजन म्हणते हेही तिला सांग, म्हणजे ती तुला त्याबद्दल विचारत राहील.